म्युनिकहून एका दिवसात वाट्टेन्सचं क्रिस्टालवेल्टन, आईबाबा आणि सात वर्षांची मुलगी सोबत, कसं जमवावं?

इझारकाठची_सावनी

नमस्कार मंडळी. म्युनिककर आणि ऑस्ट्रियातले कोणी असतील तर जरा मदत हवी आहे. आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत आणि परत जायच्या आधी एक दिवस त्यांना ऑस्ट्रियातल्या वाट्टेन्स गावातलं स्वारोव्स्की क्रिस्टालवेल्टन, म्हणजे त्या क्रिस्टलच्या कंपनीचं कलादालन, दाखवायचं मनात आहे. गवताने झाकलेलं ते राक्षसाचं भलंमोठं डोकं, काचेचे डोळे आणि तोंडातून पडणारा धबधबा, हा फोटो आईने कुठेतरी पाहिला आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, हे इथून किती लांब आहे गं. ती आयुष्यभर भरतकाम, मण्यांची तोरणं, असलं काही ना काही हाताने करत आलेली आहे, त्यामुळे तिला ते मनापासून आवडेल असं मला वाटतं, नुसतं फोटोपुरतं नाही.

आता अडचणी. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, सपाट रस्त्यावर हळूहळू बरंच चालतात पण चढ आणि जिने नकोत. मुलगी सात वर्षांची, फिंग्स्टची (पेंटेकॉस्टची) शाळेला सुट्टी आहे म्हणून मधल्या वारीही जाता येईल. आई शाकाहारी, अंडंही खात नाही. नवऱ्याला रजा मिळाली तर गाडी, नाहीतर ट्रेन.

विचारायचं असं की तिथे नेमका किती वेळ लागतो, त्याच दिवशी इन्सब्रुक पण होईल का, आणि इन्सब्रुक कार्ड (बऱ्याच ठिकाणांचा एकत्र पास) घ्यावं की नुसतं तिकीट? शिवाय एका मैत्रिणीने सांगितलं की तो सगळा दुकानाचाच प्रकार आहे, पैसे वाया. हे खरं आहे का ते पण सांगा, कारण तिकीट काही स्वस्त नाहीये आणि आईबाबा युरोचे रुपये करून बघतातच.

डोंगरयात्री

एका दिवसात आरामात होतं, फक्त ट्रेनने जाणार असाल तर एक गोष्ट बघा. बहुतेक लोक म्युनिकहून थेट इन्सब्रुक गाठतात आणि तिथून परत मागे वाट्टेन्सला येतात, कारण सगळीकडे 'इन्सब्रुकजवळ' असंच लिहिलेलं असतं. पण वाट्टेन्स इन्सब्रुकच्या अलीकडे आहे, म्हणजे म्युनिककडून येताना आधी लागतं. इटलीकडे जाणाऱ्या ज्या युरोसिटी गाड्या ब्रेनरवरून जातात त्या कुफ्स्टाइन, व्होर्गल, येनबाख असं थांबत इन्सब्रुकला जातात. तुम्ही येनबाखला उतरा आणि तिथून लोकल पकडा, ती श्वात्झ करत फ्रिट्झेन्स-वाट्टेन्स स्टेशनला येते. येनबाखपर्यंत दीड तासाच्या आतबाहेर, पुढे पाव तास वगैरे. इन्सब्रुकला जाऊन उलटं येण्याचा वेळ वाचतो आणि पैसेही.

स्टेशन मात्र इन नदीच्या पलीकडे आहे, तिथून क्रिस्टालवेल्टन चालत वीसपंचवीस मिनिटं, सपाट आहे पण तुमच्या बाबांसाठी सकाळीच तेवढं चालणं म्हणजे दिवसाची ताकद तिथेच खर्च होणार. बस आहे, तिची वेळ ट्रेनशी जुळते का ते ओबीबीच्या, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेच्या, अ‍ॅपमध्ये आधी बघून ठेवा, नाहीतर सरळ टॅक्सी करा.

डॉइचलांड टिकीट (जर्मनीतला रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर ते रिजनल गाडीने कुफ्स्टाइनपर्यंत चालतं, पुढचं तिकीट वेगळं काढायचं. स्वस्त पडतं पण वेळ जास्त आणि गाड्या बदलायच्या. म्हातारी माणसं आणि मूल सोबत असताना मी तरी युरोसिटीचं तिकीट आधीच काढीन, लवकर काढलं तर बरंच कमी पडतं. एकच प्रवास डीबी (जर्मन रेल्वे) आणि ओबीबी दोन्हीकडे टाकून बघा, किंमत वेगळी दिसते कधीकधी.

आणि पासपोर्ट. आईबाबांचे मूळ पासपोर्ट व्हिसासकट घ्या, तुमचं रेसिडेन्स कार्ड पण. शेंगेन असलं तरी जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी ठेवलेली आहे आणि परतताना पोलीस गाडीत चढतात, तेव्हा फोनमधला फोटो दाखवून काम होत नाही.

पराग_रोझेनहाइम

मी स्पष्टच लिहितो. ते एका कंपनीने स्वतःच्या शंभरीला, १९९५ साली, स्वतःच्या कारखान्याच्या गावात उभारलेलं ठिकाण आहे आणि बाहेर पडायचा रस्ता दुकानातून जातो, दुकान पण प्रचंड मोठं. आतमध्ये अंधाऱ्या खोल्या, दिवे, संगीत, लोक फोटो काढत पुढे सरकतात आणि तासाभरात बाहेर. त्या पैशात इन्सब्रुकला नॉर्डकेटेला, म्हणजे शहराला लागूनच्या डोंगररांगेवर, जा. शहराच्या मधून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) निघते, तिची स्टेशनं आर्किटेक्ट झाहा हदीदने केलेली आहेत, मग दोन केबल कार, आणि साधारण अर्ध्या तासात तुम्ही हाफेलेकारला सव्वादोन हजार मीटरच्या वर उभे असता, एका बाजूला अख्खं इन्सब्रुक आणि दुसऱ्या बाजूला नुसते डोंगर. काका-काकूंना आल्प्स दाखवायला आणलंय ना, मग खरे आल्प्स दाखवा.

काचवेडी

परागजी, नॉर्डकेटे सुंदर आहे यात वादच नाही, पण सावनीने आईला काय आवडतं तेही लिहिलंय आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे. मी काचेवरच काम करते, फ्यूजिंग (काचा भट्टीत एकमेकींत वितळवून जोडणं) आणि थोडं स्टेन्ड ग्लास, आणि या जागेवर माझा जीव आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

दुकान आहे, मोठं आहे, खरंय. पण त्या आधी जे आहे ते एका माणसाने नीट विचार करून मांडलेलं आहे. आंद्रे हेलर हा व्हिएन्नाचा कलाकार, त्याने गोष्ट रचली की एक राक्षस जगभर फिरला, सगळी नवलं पाहिली आणि शेवटी वाट्टेन्सला येऊन आपल्या खजिन्यावर राखण करत बसला. ते गवताचं डोकं म्हणजे तोच. आणि आत जमिनीखाली ज्या खोल्या आहेत त्यांना वुंडरकामर्न म्हणतात, युरोपातले राजे-सरदार जगभरातल्या अजब वस्तू एका खोलीत जमवायचे ती जुनी पद्धत. त्यातली एक सर्वात जुनी आणि मोठी अजूनही इन्सब्रुकच्या आम्ब्रास किल्ल्यात बघायला मिळते, आर्चड्यूक फर्डिनांड दुसरा याने सोळाव्या शतकात जमवलेली. म्हणजे हेलरने कल्पना त्याच दरीतून उचलली आणि प्रत्येक खोली वेगळ्या कलाकाराच्या हाती दिली.

पहिल्याच निळ्या दालनात सेंटेनार ठेवलाय, हाताने पैलू पाडलेला क्रिस्टल, ३,१०,००० कॅरटचा, म्हणजे ६२ किलो. तिथेच दाली, वॉरहॉल, कीथ हेरिंग, निकी द सेंट फाल यांची कामं आहेत. गर्दी तिथे सेंटेनारसमोर सेल्फी काढते आणि पुढे जाते, तुम्ही थांबा. पुढे क्रिस्टल डोम आहे, ५९५ आरशांचा घुमट, आत शिरलं की आपण स्वतः त्या पैलूंच्या आत आहोत असं वाटतं, संगीत ब्रायन ईनोचं. ली बुल या कोरियन बाईंची एक खोली आहे, आरशांनी भरलेलं एक उद्याचं शहर, त्याच्यातून चालत जायचं. यायोई कुसामाचं फिरणारं झुंबर आहे, आरशांच्या खोलीत, चहूकडे त्याची प्रतिबिंबं जात राहतात आणि खोली कुठे संपते ते कळतच नाही. राफाएल लोझानो-हेमरच्या खोलीत सेन्सरवर हात ठेवला की तुमच्या नाडीच्या ठोक्यावर दिवे लुकलुकतात, मुलीला तिथून हलवणं कठीण जाईल. आणि आपल्या फॅशन डिझायनर मनीष अरोराची पण एक खोली आहे, हृदयांची, लालगुलाबी, भरजरी, काकूंना ती बघून नक्की घरचं वाटेल कारण भरतकामाचा तो थाट दुसरं कोणी आणू शकत नाही.

आता माझं खरं म्हणणं. या सगळ्या खोल्या सारख्याच वेगाने बघू नका. अठराच्या अठरा खोल्या टिक करत गेलात तर परागजी म्हणतात तसंच होणार, तासात बाहेर आणि डोक्यात नुसता लखलखाट. त्याऐवजी काकूंना तीनचार खोल्या निवडू दे आणि त्यात निवांत बसा, उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. क्रिस्टल म्हणून आपण जे बघतो ती खास घडवलेली काच असते, तिच्यात शिरलेला प्रकाश साध्या काचेपेक्षा जास्त वाकतो आणि पैलूंवरून आतल्या आत फिरून रंग सुटे होऊन बाहेर येतो. पूर्वी त्यासाठी काचेत शिसं घालायचे, २०१२ पासून स्वारोव्स्कीने शिसं नसलेली काच आणली. म्हणजे चमक ही काचेइतकीच कापणाऱ्याच्या कोनात असते. डोकं एक वीतभर इकडचं तिकडे केलं की तोच खडा निळ्याचा केशरी होतो. हे घाईत दिसतच नाही. ज्यांनी आयुष्यभर सुईदोऱ्याने बारीक काम केलंय त्यांना हे पटकन दिसतं, माझा अनुभव आहे, माझ्या सासूबाई एका भिंतीसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की आम्ही पुढे जाऊन परत मागे आलो, आणि त्या मला टाके मोजावेत तशी खड्यांची ओळ मोजून दाखवत होत्या.

बाहेरची बाग पण विसरू नका. क्रिस्टल क्लाउड, आंडी काओ आणि झाव्हिए पेरो यांचं, तारांच्या ढगावर सुमारे ८,००,००० क्रिस्टल हाताने बसवलेत आणि खाली काळ्या पाण्याचं तळं, त्यात ढग उलटा दिसतो. हाताने बसवलेत हे काकूंना आधी सांगा, मग बघा.

इझारकाठची_सावनी

बापरे किती छान लिहिलंय काचवेडी, आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मनीष अरोराची खोली आधी बघायची. डोंगरयात्री, येनबाखचं मला अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार. पराग, तुमचं म्हणणं पण पटतंय म्हणजे बाबांना डोंगरच आवडणार, म्हणून जरा द्विधा मनःस्थिती झालीय.

अजून दोन गोष्टी. खोल्या अंधाऱ्या आहेत तर बाबांना चालताना त्रास होईल का? आणि सकाळी आधी आत जावं की बाग? जूनमध्ये दुपारनंतर पाऊस येतो हो नेहमी.

टिरोलची_सून

मी हाल नावाच्या गावात राहते, वाट्टेन्सहून दहाएक किलोमीटर, पाहुणे आले की आमची ही फेरी ठरलेलीच असते. सावनी, आधी आत. उघडतं तेव्हा गेलात तर टूर बसेस यायच्या आधी खोल्या जवळजवळ रिकाम्या मिळतात, दहा-साडेदहानंतर एकदम घोळके येतात आणि मग घुमटात थांबायला मिळत नाही. साधारण अकरा-साडेअकराला बाहेर बागेत या, तेव्हा सूर्य चांगला वर आलेला असतो आणि ढगावर ऊन पडायलाच हवं, ढगाळ दिवसात तो तारांचा गुंता दिसतो फक्त. जूनमधला पाऊस बहुतेक दुपार उलटल्यावर गडगडत येतो त्यामुळे हा क्रम बरोबर बसतो. सकाळपासूनच पाऊस असेल तर मात्र दिवस बदलता आला तर बदला.

अंधाराचं म्हणाल तर वाट सपाट आहे पण आरशांच्या खोल्यांमध्ये जमीन कुठे आणि भिंत कुठे हे पहिल्या क्षणी कळत नाही. काकांचा हात धरा, दाराशी मिनिटभर थांबा आणि मग पाऊल टाका. एक खोली मुद्दाम थंड ठेवलेली असते, अलेक्झांडर मॅक्वीन आणि टोर्ड बून्त्ये यांचं १,५०,००० क्रिस्टलचं झाड आहे तिथे, मूळचं २००३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी केलेलं. बाहेर कितीही ऊन असलं तरी पिशवीत शाल आणि मुलीचं जॅकेट ठेवा.

मुलीसाठी बागेत प्ले टॉवर आहे, नॉर्वेच्या स्नोहेट्टा या आर्किटेक्ट कंपनीने केलेला, चार मजली, आत जाळ्या, चढायला, घसरायला, आणि डिझायनर हाइमे आयोनचं कॅरूसेल (गोल फिरणारा पाळणा) पण आहे. हेलरने केलेला हाताच्या पंजाच्या आकाराचा भुलभुलैया पण तिथेच, त्यात ती धावू शकेल. तेव्हा आजीआजोबा बाकावर बसतील, त्यांनाही विश्रांती. एकूण साडेतीन ते चार तास धरा.

जेवण: आत डॅनिएल्स नावाचं रेस्टॉरंट आहे. अंडं नको असेल तर टिरोलमध्ये जरा जपून, श्पेट्झलेत (छोट्या नूडल्स) अंडं असतं, क्न्योडलमध्ये (पावाचे उकडलेले गोळे) बहुतेक असतं, कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) तर अंड्याचाच. आपफेलश्ट्रूडलचं (सफरचंदाची गुंडाळी) पीठ पारंपरिक पद्धतीत अंड्याशिवाय ताणतात पण सोबत येणारा व्हॅनिला सॉस नको सांगा, त्यात बलक असतो. मी तर म्हणेन काकूंसाठी घरून पोळीभाजीचा डबा घ्या आणि तो बाहेरच निवांत खा, आत कॉफी आणि श्ट्रूडल.

आता माझा सल्ला, इन्सब्रुक सोडा. त्याऐवजी दुपारी हालला या. वाट्टेन्सहून इन्सब्रुककडे जाणारी लोकल पुढे हालला थांबते, स्टेशनपासून हासेग किल्ला अगदी जवळ आणि त्यात जुनी टांकसाळ आहे. टिरोलची टांकसाळ १४७७ साली मेरानहून इथे आणली कारण श्वात्झच्या खाणीतली चांदी इथून जवळ पडायची, आणि १४८६ मध्ये इथे मोठं चांदीचं नाणं पाडलं, पुढे सगळ्या युरोपात जी थालर नाणी चालली त्यांची सुरुवात म्हणतात तिला. आत पाण्यावर चालणारं रोलरचं नाणी पाडायचं लाकडी यंत्र परत बांधून ठेवलंय आणि मुलांना स्वतः नाणं पाडता येतं. काका टॉवरवर चढू नका म्हणावं, तिथे भरपूर जिना आहे, पण खाली बघण्यासारखं खूप आहे. नंतर जुन्या गावातल्या चौकात एक चक्कर, जमेल तेवढीच, गाव थोडं चढावर आहे.

मला हे दोन्ही एका दिवसात दाखवायला फार आवडतं कारण एकाच दरीचं काम आहे. आधी इथे चांदी होती. ती ओसरली. मग १८९५ साली बोहेमियातून डॅनिएल स्वारोव्स्की इथे आला, तीन वर्षं आधी त्याने काच कापायचं विजेवरचं यंत्र काढलं होतं आणि त्याला चालवायला पाण्याची ताकद हवी होती, ती वाट्टेन्सच्या ओढ्यात मिळाली, शिवाय बोहेमियातल्या काचवाल्यांपासून लांब, म्हणजे कोणी नक्कल करायला यायचं नाही. नाणं पाडणारं चाकही पाण्यावर आणि काच कापणारं यंत्रही पाण्यावरच. काकांना यंत्रांची आवड असेल तर त्यांना हालच जास्त आवडेल बघा.

इझारकाठची_सावनी

बाबा चाळीस वर्षं टूलरूममध्ये होते! हे वाचून ते स्वतः फोन मागून घेऊन वाचत बसलेत, कुठल्या प्रकारचं रोलर आहे विचारतायत.

टिरोलची_सून

मग झालंच. काकांना सांगा की कोऱ्या पट्टीवर दोन रोळांच्या मधून एकदम बरीच नाणी उमटायची आणि नंतर ती कापून काढायची, एकेक हातोड्याने ठोकण्यापेक्षा कितीतरी भराभर. रोळांवरचा ठसा किंचित लांबट कोरावा लागायचा कारण पट्टी दाबली की ताणली जाते आणि मगच नाणं गोल उतरतं. तिथल्या माणसांना विचारलं तर हौसेने समजावून सांगतात.

बव्हेरियन_गाडीवान

रजा मिळाली आणि गाडीने गेलात तर थोडं लिहून ठेवतो. म्युनिकहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, ए ८, मग ए ९३, कुफ्स्टाइनला सीमा, पुढे ए १२ आणि वाट्टेन्सचा एक्झिट, उतरलं की पाट्या आहेतच. कुफ्स्टाइन-स्यूडच्या पुढे ऑस्ट्रियाचं व्हिन्येट (मोटरवेच्या टोलचा पास) लागतं, आता एक दिवसाचं पण मिळतं, डिजिटल घ्या आणि नंबरप्लेट टाकताना नीट तपासा. इनच्या दरीत प्रदूषणामुळे मोटरवेवर १०० ची मर्यादा आहे, जर्मन सवयीने पाय दाबू नका, कॅमेरे आहेत. फिंग्स्टच्या सुट्टीत शनिवारी तर अजिबात नको, सगळी जर्मनी इटलीला निघालेली असते. जॅम लागला की मॅप गावातून शॉर्टकट दाखवतो, पण सुट्टीच्या वीकेंडला टिरोलमध्ये त्या रस्त्यांवर बाहेरून नुसतं पार होणाऱ्या गाड्यांना बंदी असते, दंड होतो. परतताना कीफर्सफेल्डनला तपासणीची रांग असते, मूल सोबत असेल तर पाणी आणि खाऊ हाताशी ठेवा.

हाल आणि वाट्टेन्स दोन्ही करायचं तर गुडघ्याच्या दृष्टीने गाडीच सोयीची. ट्रेनचा फायदा एवढाच की नवऱ्यालाही खिडकीतून डोंगर बघता येतील.

पराग_रोझेनहाइम

हाल आणि टांकसाळ हा प्लॅन मला एकदम आवडला, माझा विरोध होता तो नुसतं क्रिस्टालवेल्टन करून परत येण्याला. काकांचा गुडघा असताना हाफेलेकारवर शेवटी चढ आहे तोही मुद्दा आहेच. नॉर्डकेटे वेगळ्या दिवशी करा, स्वच्छ हवा बघून.

इन्सब्रुक कार्डबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. ते २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं, त्यात क्रिस्टालवेल्टनचा एकदा प्रवेश, इन्सब्रुकहून तिथे जाणारी शटल बस, हालची टांकसाळ आणि नॉर्डकेटे हे सगळं येतं. तुम्ही इन्सब्रुकला राहणार असाल तर डोळे झाकून घ्या. पण एका दिवसात फक्त वाट्टेन्स आणि हाल करणार असाल, आणि इन्सब्रुकला जाणारच नसाल, तर दोन सुटी तिकिटं स्वस्त पडतात. क्रिस्टालवेल्टनचं ऑनलाइन आधी काढून ठेवा.

आणि दुकानातून जाणारच आहात तर एक फायद्याचं. काका-काकू युरोपबाहेर राहतात, त्यामुळे एका बिलात ७५ युरोच्या वर खरेदी झाली तर टॅक्स फ्रीचा फॉर्म मागा, पण बिल आणि फॉर्म त्यांच्या पासपोर्टवर व्हायला हवा, तुमच्या नावावर नाही, तुम्ही इथले रहिवासी. वस्तू न वापरता पॅक ठेवायची, तीन महिन्यांच्या आत युरोपबाहेर न्यायची आणि निघताना विमानतळावर बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टम्सला दाखवून शिक्का घ्यायचा. ऑस्ट्रियात घेतलेलं असलं तरी शिक्का म्युनिकलाच, कारण युरोपियन युनियनमधून बाहेर ते तिथून पडणार.

काचवेडी

दुकानातलं मी पण एक जोडते. काकूंना तयार दागिन्यापेक्षा छोटी प्राण्यांची शिल्पं बघायला सांगा. १९७६ मध्ये तिथल्या एका कारागिराने झुंबराच्या सुट्या खड्यांचा एक उंदीर जोडला आणि तिथून त्या सगळ्या शिल्पांची परंपरा सुरू झाली. उरल्यासुरल्या खड्यांतून हाताने काहीतरी करून बघणं, काकूंना त्यातली गंमत बरोबर कळेल. विकत घ्यायलाच हवं असं नाही, कपाटांसमोर बघत फिरायला कोणी अडवत नाही.

इझारकाठची_सावनी

मंडळी, प्लॅन असा ठरतोय, चुकत असेल तर सांगा. नवऱ्याला रजा नाही, त्यामुळे ट्रेन. सकाळची लवकरची युरोसिटी, येनबाखला बदलून फ्रिट्झेन्स-वाट्टेन्स, तिथून टॅक्सी. उघडल्या उघडल्या आत, आईने तिच्या खोल्या निवडल्यात: मनीष अरोरा, कुसामाचं झुंबर, घुमट आणि ते थंडीतलं झाड, बाकीच्या चालता चालता. साडेअकराला बाग, ढग, मुलगी टॉवरमध्ये, डबा. दोनच्या सुमाराला हाल, टांकसाळ, बाबा यंत्रापाशी आणि मुलगी नाणं पाडायला. संध्याकाळी हालहून लोकलने येनबाख आणि तिथून युरोसिटीने घरी. इन्सब्रुक आणि नॉर्डकेटे नंतर कधीतरी, दोन दिवसांचं करून. सोमवारी करू का? तिकिटं सोमवारची स्वस्त दिसतायत.

टिरोलची_सून

सोमवार नको, टांकसाळ सोमवारी बंद असते. मंगळवार किंवा बुधवार बघा. बाकी सगळं छान बसलंय, फक्त संध्याकाळची युरोसिटी अगदी घट्ट धरू नका, मध्ये एक गाडी सोडून पुढचीचं आरक्षण करा. टांकसाळ संध्याकाळी पाचला बंद होते त्यामुळे तीनच्या आत पोचलात तर काकांना पोटभर बघता येईल.

इझारकाठची_सावनी

मंगळवार मग. टॅक्सीचं बघते, तिकिटं आत्ताच काढते, आणि मुलीचं नाव पण बुकिंगमध्ये टाकते. आल्यावर फोटो नक्की टाकीन, सगळ्यांचे खूप खूप आभार.